आधी सांगाडा, मग रंग

सरकारी संकेतस्थळ उघडले की वरच्या पट्टीत बहुधा तीन 'अ' दिसतात. एक लहान, एक मध्यम, एक मोठा. शेजारी अर्धे काळे, अर्धे पांढरे असे एक बटन असते. ते दाबले की पान काळे होते. दिव्यांगांसाठी काय केले, असे विचारले की याच पट्टीकडे बोट दाखवले जाते. खासगी कंपन्यांची गोष्ट वेगळी नाही. तिथे पट्टीच्या जागी कोपऱ्यात तरंगणारे निळे चिन्ह असते, इतकाच फरक. सुगम्यता म्हणजे तयार पानावर नंतर चढवायची एक सोय, आणि थीम म्हणजे त्याच पानाला वरून दिलेला रंग, असा समज या सगळ्यामागे आहे.

हा समज उथळ आहे, आणि त्यापायी पैसा चुकीच्या जागी खर्च होतो. सुगम्यता आणि रंगरूप बदलण्याची मोकळीक ही दोन वेगळी कामे नाहीत. दोन्हींचे मूळ एकच आहे: पानातल्या प्रत्येक गोष्टीचा अर्थ मार्कअपमध्ये, म्हणजे पानाच्या आतल्या टॅगांत, नोंदलेला असणे, आणि ती कशी दिसावी याचे सगळे निर्णय त्या अर्थापासून वेगळे, एका जागी ठेवलेले असणे. एवढे साधले की अंध माणसाला पान ऐकता येते आणि डोळसाला त्याचा रंग बदलता येतो. हे साधले नसेल, तर वरची पट्टी दोन्हींपैकी एकही काम करत नाही.

दुपारचा बांध, रात्रीची मोटार

दौंड तालुक्यातले राहू गाव मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या बेचक्यात आहे. आसपासच्या गावांसह या टापूला राहू बेट म्हणतात. भीमेच्या पलीकडे शिरूर. उसाचा आणि गुऱ्हाळांचा हा पट्टा. इथल्या शेतकऱ्याच्या हातातल्या फोनवर सातबारा आहे, 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी आहे, पीकविम्याचा अर्ज आहे, महाडीबीटीवरची ठिबक संचाची मागणी आहे. म्हणजे वेब सॉफ्टवेअर ही त्याच्यासाठी चैनीची वस्तू राहिलेली नाही. तलाठी कार्यालयाच्या खिडकीचा बराचसा भाग आता त्या पडद्यावर आला आहे.

तो पडदा कधी बघितला जातो? दुपारी बांधावर, उन्हात. पांढऱ्या पानावर फिकट राखाडी अक्षरे असतील तर हाताची सावली धरूनही ती दिसत नाहीत. आणि रात्री. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीपाळीने येते, रात्रपाळी असली की दारे धरायला अंधारात जावे लागते. या पट्ट्यात बिबट्याची भीती आहे, म्हणून दिवसा वीज द्या ही मागणी वर्षानुवर्षे चालू आहे. अशा वेळी झगझगीत पांढरे पान उघडले की डोळे दिपतात आणि पुढचे काही क्षण उसाच्या कडेचे काही दिसत नाही. म्हणजे एकाच दिवसात एकाच माणसाला ठळक, उजळ पानही हवे असते आणि गडद पानही. त्याला चाळिशी लागली की अक्षर मोठे हवे. मोतीबिंदूने किंवा मधुमेहाने नजर गेली की पान कानाने ऐकता यायला हवे. ही चार वेगळी माणसे नाहीत. बरेचदा एकाच आयुष्यातले चार टप्पे आहेत.

उन्हातल्या पानाचा हिशेब मोजता येतो. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातले गुणोत्तर साध्या मजकुरासाठी किमान 4.5 आणि मोठ्या अक्षरांसाठी 3 असावे, असे वेबच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता मार्गदर्शिकेने 2008 पासून सांगितले आहे. पांढऱ्यावर #999 हा राखाडी 2.85 भरतो, नापास. #777 भरतो 4.48, म्हणजे काठावर नापास. #767676 भरतो 4.54, पास. शेवटच्या दोघांतला फरक डोळ्याला जाणवतही नाही, पण एका बाजूला नियम आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही. आपल्याकडे आवडीने वापरला जाणारा केशरी घ्या, 255, 153, 51 या आकड्यांचा. त्यावर पांढरी अक्षरे लिहिली की गुणोत्तर जेमतेम 2.1 येते. असे शीर्षकपट्टे शेकड्याने सापडतील.

1. अर्थ पानात हवा

डोळसाला पान बघून जे कळते, त्यातले बरेचसे पानात लिहिलेले नसते. ते नजर जुळवून घेते. जाड, मोठी ओळ म्हणजे शीर्षक. चौकोनाच्या डावीकडे 'गट क्रमांक' लिहिले आहे, म्हणजे तिथे गट क्रमांक भरायचा. हिरव्या पट्टीवर 'शोधा' आहे, म्हणजे ते बटन. ब्राउझरला यातले काहीच आपोआप कळत नाही. शीर्षकाला शीर्षकाचा टॅग दिला, लेबल चौकोनाशी बांधले, बटन हे खरोखर 'बटन' टॅगने केले, तरच कळते.

पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर ब्राउझरला जे कळले तेवढेच बोलतो. ऑस्ट्रेलियात 2006 मध्ये सुरू झालेला एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर भारतात भरपूर वापरला जातो. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक असतोच. लेबल न बांधलेल्या चौकोनावर एनव्हीडीए एवढेच म्हणतो: 'एडिट, ब्लँक'. सातबारा शोधायच्या पानाची कल्पना करा. विभाग पुणे, जिल्हा पुणे, तालुका दौंड, गाव राहू, मग गट क्रमांक, मग मोबाइल क्रमांक, मग चित्रातली वेडीवाकडी अक्षरे. लेबले नसतील तर कानावर येते ते 'एडिट, ब्लँक', पुन्हा 'एडिट, ब्लँक'. मोबाइल क्रमांक कुठे आणि गट क्रमांक कुठे हे अंदाजाने ठरवायचे. शेवटची चित्रातली अक्षरे तर अंदाजानेही जमत नाहीत.

याहून बारीक आणि गंभीर उदाहरण सातबाऱ्यातच आहे. 2020 मध्ये त्याचा नमुना सुधारला गेला. आधी मयत खातेदार, फिटलेले बोजे अशा नोंदींना कंस केला जाई. नव्या नमुन्यात त्यांच्यावर आडवी रेष मारली जाते. डोळसाच्या दृष्टीने ही सुधारणाच आहे, कारण खोडलेले नाव लगेच नजरेत भरते. पण कंस हे अक्षरांच्या रांगेतले चिन्ह आहे, ते वाचून घेता येते. रेष ही नुसती दिसणारी गोष्ट आहे. पडद्यावर ती फक्त सजावट म्हणून ओढली, तर ऐकणाऱ्याला मयत माणूस हयात खातेदार म्हणून ऐकू येईल आणि फिटलेले कर्ज अजून डोक्यावर आहे असे वाटेल. नुसता 'खोडलेले' या अर्थाचा टॅग लावूनही भागत नाही, कारण काही स्क्रीन रीडर तो मुकाट्याने ओलांडतात. 'कमी केलेले नाव' हे शब्द मजकुरातच असायला हवेत. डोळसांसाठी ते दृष्टीआड ठेवता येतात. वर कोपऱ्यात तीन 'अ' असले काय आणि नसले काय, या ठिकाणी ते निरुपयोगी आहेत.

2. अर्थ नसेल तर रंगही धड बदलत नाही

इथवरचे म्हणणे बहुतेकांना मान्य होईल. पण अंधांसाठी मार्कअप आणि सगळ्यांसाठी थीम अशी वाटणी मनात राहतेच. ती का टिकत नाही, हे पाहण्यासारखे आहे.

विंडोजमध्ये दृष्टी कमी असलेल्यांसाठी एक व्यवस्था आहे. माणूस स्वतःचे रंग निवडतो आणि ब्राउझर पानाच्या कर्त्याने दिलेले बहुतेक रंग बाजूला सारतो. म्हणजे ही वाचणाऱ्याने लादलेली थीम. यात खऱ्या 'बटन' टॅगने केलेल्या बटनाला ब्राउझर आपणहून कड आणि रंग देतो, कारण ते बटन आहे हे त्याला ठाऊक असते. साध्या डब्याला हिरवा रंग फासून केलेले नकली बटन मात्र विरघळते. हिरवा रंग गेला की उरतो 'शोधा' हा उघडा शब्द, बाजूच्या मजकुरासारखाच. तेच नकली बटन टॅब कळीने गाठता येत नाही आणि स्क्रीन रीडरला बटन म्हणून ऐकू येत नाही. दुखणे एक, लक्षणे तीन.

दुसरा पुरावा ज्ञानकोशाचा. 2024 मध्ये विकिपीडियाने वाचकांना डार्क मोड देऊ केला. विकिपीडियाच्या मूळ सांगाड्यात रंग एका जागी होते, तिथे फार अडले नाही. अडले ते स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे हाताने लिहिलेल्या साच्यांत. मराठी विकिपीडिया 2003 पासून आहे, आणि महाराष्ट्रातल्या गावांच्या असंख्य छोट्या पानांवर उजव्या बाजूला जी माहितीचौकट दिसते, ती अशाच साच्यातून येते. अशा साच्यात कुणी पार्श्वभूमीला फिकट रंग थेट लिहून ठेवलेला असतो, अक्षरांच्या रंगाबद्दल मात्र काही नसते, कारण अक्षरे काळी असणार हे गृहीत. डार्क मोडमध्ये अक्षरे पांढरट होतात, पार्श्वभूमी फिकटच राहते, आणि चौकट कोरी दिसू लागते. म्हणून साचे लिहिणाऱ्यांना सूचना गेल्या: पार्श्वभूमीचा रंग देणार असाल तर मजकुराचाही द्या, आणि शक्य तिथे थेट आकडा न लिहिता सामायिक चलाचे नाव लिहा. थीम बदलण्याच्या निमित्ताने साच्यासाच्यात शिरावे लागले. वरून रंग देण्याचे काम वरवर राहिलेच नाही.

3. रंगाला त्याच्या कामाचे नाव

होकॉन व्हिउम ली यांनी ऑक्टोबर 1994 मध्ये सीएसएस या पानाचे दिसणे ठरवणाऱ्या भाषेची कल्पना मांडली आणि डिसेंबर 1996 मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रमाण झाली. मूळ हेतूच असा होता की मजकूर एकीकडे, दिसणे दुसरीकडे. डेव्ह शे यांच्या 2003 च्या 'सीएसएस झेन गार्डन'ने तो सिद्ध करून दाखवला. तेच मार्कअप, त्यातले अक्षरही न बदलता, आणि त्यावर जगभरच्या कलाकारांनी चढवलेली एकाहून एक निराळी रूपे. सुगम्य पाने कुरूप असतात असे म्हणणाऱ्यांना एवढे उत्तर पुरेसे आहे.

पण नुसते वेगळ्या फायलीत टाकल्याने काम होत नाही. एकाच सीएसएस फायलीत तोच हिरवा दोनशे ठिकाणी आकड्याने लिहिलेला असेल, तर तो विखुरलेलाच आहे. आज सीएसएसमध्ये चले आहेत. रंगाला 'गडद हिरवा' असे नाव न देता 'मुख्य कृती', 'दुय्यम मजकूर', 'चुकीचा इशारा' अशी कामाची नावे द्यायची आणि पानभर ती नावेच वापरायची. मग दुपारची थीम, रात्रीची थीम आणि ठळक थीम म्हणजे एकाच यादीच्या तीन प्रती. गुणोत्तराची तपासणीही त्या यादीवरच होते. दोनशे पाने उघडून बघावी लागत नाहीत. फोन गडद रूपात असेल तर ब्राउझर तसे पानाला कळवतो. राहूच्या शेतकऱ्याला मोटारीवर उभे राहून बटन शोधायलाही नको.

कामाची नावे देताना एक गोष्ट आपोआप उघडी पडते. 'चुकीचा इशारा' असे नाव दिले की प्रश्न येतो, हा इशारा लाल रंगाशिवाय आणखी कशाने कळतो? उत्तर नसेल तर तिथे शब्द घालावे लागतात. थीमचे काम सुगम्यतेच्या कामाकडे असे ओढून नेते.

मराठीने ही किंमत एकदा मोजली आहे

अर्थ आणि रूप एकमेकांत गुंतवले की काय होते, हे शिकायला मराठी माणसाला परदेशात जायला नको. युनिकोडच्या पहिल्याच, 1991 च्या आवृत्तीत देवनागरी होती, तरी पुढची अनेक वर्षे आपण श्रीलिपी, कृतिदेव, एपीएस अशा जुन्या घडणीच्या फाँटांत लिहीत राहिलो. त्यांत संगणकात साठवलेली असत ती रोमन अक्षरे किंवा चिन्हे; फाँटामुळे ती मराठी दिसत. म्हणजे मजकुराचा अर्थच त्याच्या रूपात राहत होता. फाँट बदलला की मजकूर मेला. मराठी वृत्तपत्रांच्या सुरुवातीच्या संकेतस्थळांवर 'आधी आमचा फाँट उतरवून घ्या' अशी सूचना असे, ती यामुळेच. शोधयंत्राला त्यातला एक शब्द सापडत नसे. आणि स्क्रीन रीडर तो मजकूर वाचायला गेला की निरर्थक रोमन अक्षरांची माळ ऐकू येई.

वाचता न येणे, शोधता न येणे आणि रूप बदलता न येणे ही तिन्ही संकटे तेव्हा एकाच कारणाने आली आणि युनिकोडने एकदमच गेली. या लेखातला मुख्य मुद्दा मराठीच्या बाबतीत इतिहासाने आधीच सिद्ध केला आहे. आश्चर्य याचे की तीच चूक आता अक्षरांऐवजी पानांच्या पातळीवर होते आहे, आणि ती ओळखू येत नाही. जुन्या फाँटांतल्या कागदांचे चित्र काढून ते पीडीएफ म्हणून चढवणे हा तर तिचा सर्वात सर्रास प्रकार.

देवनागरीच्या स्वतःच्या काही गरजा आहेत. परक्या लिपीसाठी आखलेले साचे जसेच्या तसे उचलले की त्या राहून जातात. अक्षराच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतात. बटनाची उंची ठरावीक पिक्सेलमध्ये बांधली आणि वाचकाने अक्षर दुप्पट केले की 'पूर्ण'मधला रफार वरून कापला जातो आणि ऊकार खालून. उंची मोकळी सोडणे आणि ओळींत दीडपट अंतर राखणे एवढाच त्यावर उपाय. पानाची भाषा मराठी आहे ही नोंदही मार्कअपमध्ये हवी. ती नसेल तर स्क्रीन रीडर मराठी मजकुराला भलताच आवाज लावू शकतो. शिवाय काही फाँटांत 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे वेगळी ठेवलेली असतात, ती भाषेच्या नोंदीवरूनच निवडली जातात. राज्य शासनाने 2009 मध्ये प्रमाण देवनागरी ठरवताना या वळणांची दखल घेतली होती. ती वळणे पडद्यावर येतात की नाही, हे शेवटी पानाच्या पहिल्या ओळीतल्या एका गुणधर्मावर ठरते.

घेतले जाणारे आक्षेप

*किती लोकांसाठी हा खटाटोप?* 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29.6 लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यात चाळिशी लागलेले, उन्हात उभे असलेले, हात मोडल्यामुळे तात्पुरते एका हाताने काम करणारे नाहीत. 'आमच्या पोर्टलवर अंध लोक येतच नाहीत' असे सांगणाऱ्याने आधी पोर्टलचे दार तपासावे.

*महा ई-सेवा केंद्रातला मुलगा सगळे भरून देतो की!* हा आक्षेप ग्रामीण महाराष्ट्रात सर्वात जास्त ऐकू येतो आणि तो सर्वात गंभीर आहे. केंद्राची सोय चांगलीच आहे. पण ओटीपी दुसऱ्याला सांगायचा, पासवर्ड दुसऱ्याच्या वहीत, कर्जाचा बोजा किती हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे, भावकीतल्या वाटणीचे कागद दुसऱ्याने वाचून दाखवायचे, ही मदत राहत नाही, ताबा होतो. राहूपासून जवळ, त्याच तालुक्यात, केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. तिथे अंध मुलीही होत्या आणि त्यांना वाचून दाखवायला माणसांची वाण नव्हती. वस्ती मोठी होती. तरी रमाबाईंची कन्या मनोरमाबाई अमेरिकेत ब्रेल शिकून आल्या आणि त्यांनी ती या मुलींना शिकवली. दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे आणि स्वतःच्या बोटांनी वाचणे यांतला फरक केडगावात शंभर वर्षांपूर्वी ओळखला गेला होता.

*आता कृत्रिम बुद्धिमत्ता पान बघून सांगेल.* सांगते, आणि अनेकांना तिचा उपयोग होतो आहे. पण ती अंदाज बांधते. फोटोतल्या देखाव्याला अंदाज चालतो. हेक्टर-आरच्या आकड्याला आणि खोडलेल्या नावाला चालत नाही. जो अर्थ पान लिहिणाऱ्याला नेमका ठाऊक आहे, तो लपवून ठेवायचा आणि मग यंत्राला ओळखायला लावायचा, यात शहाणपण कसले? तरंगत्या चिन्हांचा धंदाही याच दाव्यावर चालतो. आपले साधन कोणतेही संकेतस्थळ नियमांत बसवते असा दावा करणाऱ्या ॲक्सेसीबी या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2025 मध्ये कारवाई केली. दिशाभूल केल्याच्या आरोपावरून तिला 10 लाख डॉलर भरावे लागले.

*खर्च परवडणार नाही, सगळे पुन्हा लिहावे लागेल.* सगळे नाही. वेबएम ही अमेरिकी संस्था दरवर्षी दहा लाख मुख्यपाने यंत्राने तपासते. 2025 च्या तपासणीत 94.8 टक्के पानांवर चुका सापडल्या. पण त्यांपैकी सुमारे 96 टक्के चुका सहाच प्रकारच्या होत्या: फिकट मजकूर, चित्रांना पर्यायी शब्द नसणे, फॉर्मला लेबल नसणे, रिकामे दुवे, रिकामी बटने आणि भाषेची नोंद नसणे. पैकी एकट्या फिकट मजकुराची चूक 79 टक्के पानांवर होती. यातल्या बहुतेक चुका पानात नसून साच्यात असतात. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ज्या सामायिक चौकटीवर पुणे जिल्ह्यासह देशभरातल्या जिल्ह्यांची संकेतस्थळे उभी आहेत, तिथे साच्यातली एक दुरुस्ती एकाच वेळी सगळीकडे पोचू शकते. वेगवेगळ्या कंत्राटदारांकडून वेगवेगळी बांधून घेतलेली पोर्टले दुरुस्त करणे महाग पडते हे खरे. पण तो सुगम्यतेचा खर्च नव्हे, विखुरलेपणाचा आहे, आणि तो थीम बदलतानाही पुन्हा मोजावाच लागतो.

कायदा पुढे गेला आहे

सरकारी संकेतस्थळांसाठी 2009 पासून मार्गदर्शिका आहे. तिची तिसरी आवृत्ती 2023 ची. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा. तरी पाळले तर पाळले अशी स्थिती होती. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेच्या नियमातली ही ऐच्छिकता मूळ कायद्याशी विसंगत ठरवली आणि बंधनकारक निकष आखायला सांगितले. 30 एप्रिल 2025 च्या प्रज्ञा प्रसून खटल्यात याचिकाकर्ते होते ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या महिला आणि एक अंध गृहस्थ. केवायसीसाठीच्या, कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटण्यासारख्या अटी त्यांना पुऱ्या करता येत नव्हत्या. डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने त्यात म्हटले. कायद्याची बाजू आता पुरेशी स्पष्ट आहे. कमी आहे ती निविदेच्या भाषेत.

निविदेत काय लिहावे

'संकेतस्थळ दिव्यांगस्नेही असावे' हे वाक्य निविदेतून काढून टाकावे, कारण ते तपासता येत नाही. त्याजागी क्रम लिहावा. आधी मार्कअप: शीर्षकांची उतरंड, बांधलेली लेबले, खरी बटने, भाषेची नोंद. हे होईपर्यंत रंगाची चर्चा करू नये. मग सगळे रंग आणि अंतरे कामाच्या नावांच्या एका यादीत आणावीत, आणि यादीबाहेर लिहिलेला प्रत्येक रंग ही चूक धरावी. थीम त्यानंतर, तोवर ती बहुतांशी तयारच झालेली असते. स्क्रीन रीडरसाठीचे जादा गुणधर्म सर्वात शेवटी आणि कमीत कमी. वेबएमच्याच पाहणीत असे गुणधर्म वापरणाऱ्या पानांवर सरासरी चुका जास्त सापडल्या आहेत, कारण नीट टॅग लावण्याऐवजी ते चिकटवले जातात.

चालू पोर्टलवर हे काम एका रात्रीत करायचे नसते. सर्वात जास्त वापरली जाणारी तीन-चार कामे निवडावीत: सातबारा पाहणे, दाखल्याचा अर्ज, तक्रार नोंदणे. ती पहिल्या पडद्यापासून पावतीपर्यंत पूर्ण दुरुस्त करावीत, कारण अर्ध्या वाटेवर अडवणारे सुगम्य पान काही कामाचे नाही. चित्रातल्या अक्षरांच्या जागी दुसरी पडताळणी आणावी.

आणि स्वीकृतीची अट यंत्राच्या अहवालावर सोडू नये. लेबल आहे की नाही हे यंत्र सांगते, लेबलात योग्य शब्द आहेत की नाही हे सांगत नाही. रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या मराठी भाषक व्यक्तीला मानधन देऊन बसवावे. तिने टॉकबॅक लावलेल्या साध्या अँड्रॉइड फोनवर विभाग, जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक भरून सातबारा काढावा, त्यातली कमी केलेली नावे ओळखून दाखवावीत, तेच काम ठळक आणि गडद थीममध्ये कमी दृष्टीच्या दुसऱ्या व्यक्तीने करावे, आणि दोघांच्या सहीशिवाय कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता निघू नये.